वहिनीला आठ दिवसांत आलं

तुम्हाला म्हणून सांगते — आणि असं म्हणताना माझ्या लक्षात येतंय की या गोष्टीचं पहिलं वाक्यसुद्धा मी आजवर कधी उच्चारलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, मुलापाशी नाही. आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं, ती माझी नणंद कुसुम — तिच्यापाशी तर नाहीच. आता माझी पंचाहत्तरी उलटली. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. ऐकून रागवावं असं आता कुणी उरलेलं नाही, एक कुसुम सोडली तर. आणि ती रागावणारी नाही. तेच तर अवघड आहे.

आधीच सांगून टाकते, मी सुखी बाई आहे. मनात असं काही दडलेलं असलं की माणसाला झोप लागत नाही म्हणतात. मला लागली. पन्नास-पंचावन्न वर्षं अगदी व्यवस्थित लागली. ही गोष्ट आठवायची, नाही असं नाही — पण जुना गुडघा दुखावा तशी. चार दिवस दुखायची, मग आपोआप राहायची. हाही कबुलीचाच भाग समजा.

माझं माहेर साताऱ्याचं. मी मॅट्रिक झालेली होते, आणि गणितात चांगले मार्क मिळवून झालेली होते. स्वातंत्र्य मिळून तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा कलकत्त्याचं स्थळ आलं. मुलगा केंद्र सरकारच्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन — नकाशे, आराखडे काढणारा. वडील नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि तिथेच वारले. घरी आई आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण. मध्यस्थ भला माणूस होता, त्याने काही लपवलं नाही. मुलगा इंटरला गणितात दोनदा नापास होऊन कॉलेज सोडून बसला होता, हे त्याने सांगितलं. आणि हेही सांगितलं की मुलाच्या आईला सून फार शिकलेली नको आहे. मुलाला घरात कमीपणा वाटायला नको.

माझ्या वडिलांनी एक दिवस विचार केला आणि कळवून टाकलं — मुलगी सातवी पास. मला म्हणाले, "कुणी विचारलंच तर सातवी सांग. झालेलं शिक्षण काही कुणी काढून घेत नाही."

मी 'बरं' म्हटलं. म्हणजे सुरुवात वडिलांनी केली, असं म्हणता येईल. पण ते साताऱ्याला राहिले, आणि पुढचं सगळं मी एकटीने केलं.

भवानीपूरला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याच्या बाजूला एक लांबट गॅलरी, असं आमचं बिऱ्हाड होतं. पहिले दोन महिने ह्यांच्याशी — नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला अजून नाही — ह्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे चहा, छत्री आणि डबा. हे लाजाळू, मी त्याहून. सासूबाई वाईट नव्हत्या, पण सतत घरात असायच्या. मला त्या घरात पहिल्यांदा हसवलं ते कुसुमने.

कुसुम तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत. जन्म कलकत्त्याचा, शाळा बंगाली. बंगाली तोंडातून भराभर यायची आणि मराठी मात्र अडखळत. "माझा वही कुठे आहे?" असं विचारायची. मी म्हणायची, माझी वही. ती म्हणायची, वही काय मुलगी आहे? तिने मला बंगाली शिकवलं, ट्रामच्या बायकांच्या बाकावर कसं हक्काने बसायचं ते शिकवलं. आणि तिचा हात — अक्षर म्हणते मी — छापल्यासारखं. हे कधी कचेरीतलं काम घरी आणत, तेव्हा नकाशावरची नावं पेन्सिलीने आधी तिला लिहू देत आणि मग त्यावरून शाई फिरवत. ह्यांच्या कचेरीत एक बंगाली बाई ड्रॉइंगच्या कामावर लागल्याचं तिने ऐकलं, त्या दिवसापासून तिचं ठरलं होतं. दादासारखं नकाशाचं काम करायचं. त्याला मॅट्रिकला गणित लागत असे. एवढंच एक लागत असे.

आता तो शनिवार. अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून हे आले, चहा झाला, आणि ह्यांनी गॅलरीतल्या टेबलावर एक आलेखाचा कागद पसरला. कचेरीत एका कोपऱ्यावर शाई सांडून वाया गेलेला. बारीक हिरव्या चौकोनांचा. मला म्हणाले, "हा कागद कशाचा असतो, माहीत आहे का तुला?"

माहीत होतं. बघताक्षणी बोटं शिवशिवली. पण मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा हा माणूस काहीतरी सांगायला उत्सुक होता. मी म्हटलं, "नाही. भरतकामाचा आहे का?"

किती खूश झाले म्हणून सांगू.

ह्यांनी मधोमध एक आडवी रेघ ओढली, एक उभी. म्हणाले, जिथे या दोन रेघा एकमेकींना कापतात ते एस्प्लनेड समज, जिथे आपण ट्राम बदलतो. आडव्या रेघेवर उजवीकडे पूर्व, डावीकडे नदी. उभ्या रेघेवर वर उत्तर, खाली दक्षिण. कुठलंही ठिकाण दोन आकड्यांत सांगता येतं. आधी आडवं किती जायचं ते, मग उभं किती. डमडम पूर्वेला आणि उत्तरेला, म्हणून दोन्ही आकडे अधिक. हावडा स्टेशन नदीपलीकडे, डावीकडे, पण वर — म्हणून पहिला उणे, दुसरा अधिक. खिदिरपूर डावीकडे आणि खाली, दोन्ही उणे. बालीगंज उजवीकडे, पण खाली. "आणि आपलं घर?" मी विचारलं. ह्यांनी पेन्सिल खाली आणली आणि म्हणाले, "आपण जवळजवळ रेघेवरच." आणि हसले.

इतकं चांगलं मला कुणी शिकवलं नव्हतं, खरंच सांगते. साताऱ्याच्या मास्तरांना हे जमलं नव्हतं. दोनदा नापास झालेला माणूस, पण हातात पेन्सिल आली की त्याला सगळं दिसायचं.

मग रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अर्धा तास आमचा धडा. सासूबाई आत जप करायच्या. शिकणं चाललंय म्हणजे त्यांचीही ना नव्हती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी एक बिंदू मुद्दाम चुकीच्या ठिकाणी ठेवला. ह्यांनी माझं बोट धरलं आणि कागदावरून सरकवत बरोबर जागी नेलं. समजलं तुम्हाला? त्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याने बायकोचा हात धरण्याची दुसरी सोय नव्हती. मग मी रोज चुकायला लागले. एखादा आकडा इकडचा तिकडे, उणे विसरायचं, असं. आमचा संसार खरा तिथे सुरू झाला, त्या हिरव्या चौकोनांवर. ते खोटं होतं का? होतं. त्याचं मला वाईट वाटतं का? नाही. इतकंच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

आठ दिवसांनी मला सगळं 'आलं'. किती दिवस चुकत राहणार? ह्यांनी रात्री जेवताना सासूबाईंना सांगितलं, "हिला आठ दिवसांत आलं. सातवीवर. मला दोन वर्षांत आलं नव्हतं." ताटावरून मान वर न करता मी वरण वाढत होते. फार गोड वाटलं मला.

कुसुम ऐकत होती. तिच्या वर्गात हाच भाग चालू होता आणि सहामाहीला तिला त्यात शून्य पडलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने आपली वही आणली — 'आपला वही' — आणि आमच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली. "दादा, मलाही शिकव."

इथून मी थोडी थांबत थांबत लिहिते आहे. क्षमा करा.

कुसुम एकच चूक करायची. प्रत्येक वेळी तीच. तीन, पाच म्हटलं की ती आधी तीन वर जायची आणि मग पाच उजवीकडे. ह्यांनी सांगितलं, समजावलं, एस्प्लनेड सांगितलं, डमडम सांगितलं. ती मान डोलवायची आणि पुन्हा उलट. ह्यांना कळेना, असं का होतंय. मला कळलं होतं. पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. ती भूगोलात हुशार होती, ॲटलास तोंडपाठ. आणि ॲटलासात आधी अक्षांश सांगतात, मग रेखांश — आधी वर किती, मग बाजूला किती. ती कागद नकाशासारखा वाचत होती. चूक करण्यासाठीसुद्धा डोकं लागतं, तसली ती चूक होती.

मला कसं कळलं? कारण साताऱ्याला मी हीच चूक केली होती. हीच. आणि एक-दोन महिने नाही, एक अख्खं वर्ष. मास्तरांनी मला बाकावर उभं केलं होतं. घरी येऊन मी रडले होते. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या मास्तरांनी एकदा सहज म्हटलं, नकाशा विसर, हे नकाशाच्या उलट आहे. आणि मला एका क्षणात दिसलं.

एक वाक्य. ते मला कुसुमला सांगता आलं असतं. सातवी पास वहिनीला ते कसं माहीत, असं ह्यांनी विचारलं असतं का? कदाचित विचारलंही नसतं. एवढी काही ती मोठी पोलिसी चौकशी नव्हती. पण मी भ्याले. असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले — मी भ्याले. सत्य उघडं पडेल, वडिलांची नाचक्की होईल, ह्यांचा चेहरा पडेल, म्हणून गप्प बसले. भीती म्हटली की जरा बरं वाटतं, नाही का?

पण भीती अर्धीच. उरलेलं अर्धं असं की मला ती तिथे नको होती. तो अर्धा तास माझा होता. कुसुम आल्यापासून ह्यांचं लक्ष तिच्या वहीत, बोट तिच्या चुकीवर. मग मी काय केलं? मी चुका करणं बंद केलं. हे म्हणायचे, "उणे चार, दोन," आणि कुसुम पेन्सिल घेऊन विचार करत असायची, तेवढ्यात मी खटकन बिंदू मांडायची. ती खोडायची, मी मांडायची. रोज. महिना-दीड महिना. तिची पेन्सिल हळूहळू कमी कमी उचलली जायला लागली, ते मी बघत होते. मला दिसत होतं. ती माझ्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, "वहिनी काय हुशार आहे." मनापासून म्हणायची.

त्या शाळेत नववीत जाताना मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेता येत असे. तसा कागद आला, घरच्या मोठ्यांनी सही करायची. रविवारी सकाळी हे कागद घेऊन बसले. सासूबाई भाजी निवडत होत्या, मी बाजूला. ह्यांनी कुसुमला जवळ बोलावलं आणि अगदी हळू, मायेने सांगितलं. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"कुसुम, मी गणितात दोनदा नापास झालो. निकालाच्या यादीत आपलं नाव नसणं काय असतं, ते मला माहीत आहे. तुला त्यातून न्यायची माझी इच्छा नाही. तुझ्यात काही कमी नाही. पण हे प्रत्येकाला येत नाही. वहिनीला सातवीवर आठ दिवसांत आलं. तुझा दीड महिना झाला. आपण गृहशास्त्र घेऊ."

"पण दादा, मग कचेरीत..." एवढं बोलून कुसुम थांबली.

सासूबाई म्हणाल्या, कचेरीत बसून काय करायचंय. कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मी पालकाच्या देठांकडे पाहिलं.

दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले तर ती मागोमाग आली. दोरीवरच्या साड्यांमधून तिचं तोंड मला अर्धंच दिसत होतं. ती बंगालीत बोलली नाही, मराठीत बोलली. एकेक शब्द जुळवून, चुकू नये म्हणून.

"वहिनी, खरं सांग. तुला हे आधी कुणीच शिकवलं नव्हतं?"

"नाही."

"आठ दिवसांतच आलं?"

"हो."

दोरीवरची शेवटची साडी तिने काढून बालदीत टाकली. मग म्हणाली, "मग दादाचं बरोबर आहे." वाळलेल्या कपड्यांची बालदी तिने उचलली आणि खाली गेली. त्या कागदावर सही होईपर्यंत मी वरच होते.

झालं, हेच सांगायचं होतं. एक 'नाही' आणि एक 'हो'. कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. तेरा वर्षांच्या एका मुलीने मला विश्वासाने विचारलं की तू जन्मजात हुशार आहेस आणि मी मठ्ठ आहे, असंच ना? आणि मी म्हटलं, असंच.

पुढचं ऐका, कारण ते यापेक्षा बरं नाही.

माझी हुशारी बघून ह्यांनी ठरवलं की मला मॅट्रिकला बसवायचं, घरी शिकवून, बाहेरून. सासूबाईंनीही मान्य केलं. मुलाच्या हाताखाली सून शिकते आहे यात त्यांना आता अभिमान वाटायला लागला होता. मी काय म्हणणार? झालेली मॅट्रिक मी पुन्हा व्हायला निघाले. आणि माझा अभ्यास कुणी घेतला, तर कुसुमने. हे कचेरीत असायचे. ती शाळेतून आली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची, पुस्तक मांडीवर, आणि मी पोळ्या लाटताना मला प्रश्न विचारायची. गणिताचेसुद्धा. मी उत्तर दिलं की मागच्या पानावर बघायची आणि म्हणायची, "बरोबर, वहिनी." तिच्या आवाजात नुसता आनंद असायचा.

आम्ही दोघी एकाच वर्षी परीक्षेला बसलो. ती गृहशास्त्र घेऊन, मी गणित घेऊन. दोघी पास झालो. ह्यांनी संदेश मिठाईचा मोठा पुडा आणला, जिन्यावरूनच हाक मारत आले. कुसुमने पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. फार छान दिवस होता तो. मला आजही तो आठवला की छान वाटतं — खोटं कशाला बोलू?

त्या परीक्षेच्या जोरावर पुढे मी शिकवण्याचा कोर्स केला, आणि एका मुलींच्या शाळेत वीस-बावीस वर्षं गणित शिकवलं. चांगलं शिकवलं. मुली अजून रस्त्यात ओळखतात. संथ मुलींना मी कधी बाकावर उभं केलं नाही. आलेखाचा भाग आला आणि एखादी उलटसुलट करायला लागली, की मी तिच्याजवळ बसून सांगायची, "बाळ, नकाशा विसर. आणि घाबरू नकोस, मला हे कळायला एक वर्ष लागलं होतं." शेकडो मुलींना सांगितलं असेल. कुठल्या कुठल्या मुली, नावंही आठवत नाहीत. त्या सगळ्यांना सांगितलं.

कुसुमचं लग्न लवकर झालं, जबलपूरला. नवरा सरळ माणूस, घर भरलेलं, मुलं गुणी. तिचं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणणार नाही, तिला ते आवडणार नाही. पेरूची जेली ती अशी करते की विचारू नका. गृहशास्त्रात शिकली होती. फक्त एक आहे. तिच्या नवऱ्याने तिला पुढे शिकायला सुचवलं होतं. ती नाही म्हणाली, त्यात गणित असेल. मुलं वह्या घेऊन आली की ती उठून आत जायची. "मला आकड्यांचं डोकं नाही," हे ती आपलं नाव सांगावं तसं सांगते, हसत, ओळख होते न होते तोच. तिची पत्रं यायची, छापल्यासारख्या अक्षरातली. शेवटी न चुकता — तुझ्यासारखी वहिनी मिळायला भाग्य लागतं.

वडील गेल्यावर भावाने माझे जुने कागद साताऱ्याहून पाठवले. त्यात पहिल्या मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. हे अंघोळीला गेले होते तेवढ्यात मी ते शेगडीत घातलं. जळलं की नाही ते नीट बघितलं आणि वर आधण ठेवलं.

आणि ह्यांनी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगितलं. पाहुण्यांना, डॉक्टरांना, नातवंडांना. "हिला मी शून्यापासून शिकवलं. आठ दिवसांत." त्यांच्या आयुष्यातली ती मोठी मिळकत होती. ती मी त्यांना ठेवू दिली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्याची किंमत त्यांनी मोजली नव्हती, मीही मोजली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात कुसुम महिनाभर राहायला आली. सत्तरीची झाली आता, केस पांढरे, चालणं मात्र अजून टकटक. एका सकाळी माझी नात आलेखाचा अभ्यास घेऊन माझ्याजवळ बसली. कुसुम सवयीने उठायला लागली. मी म्हटलं, "बस गं, ऊन चांगलं आहे." ती बसली. मी नातीला समजावलं, जसं वीस वर्षं समजावत आले तसंच, नकाशाचं वाक्यसुद्धा बोलून गेले. मग नात पाणी प्यायला आत गेली, ती फोनवर बोलत तिकडेच रमली.

कुसुमने चष्मा लावला. कागद पुढे ओढला. पुस्तकातले चार बिंदू तिने बोटाने शोधले. एक. दोन. उणेचा एक. चौथाही उणेचा. चारही बरोबर. तिने पुन्हा एकदा पहिल्यापासून केले. पुन्हा बरोबर.

"एवढंच होतं का गं हे, वहिनी?"

"हो. एवढंच."

ती हसली. कुठेही कडू नाही असं हसली, आणि कागदावरचा हात तसाच ठेवून म्हणाली, "आणि तुला आठ दिवसांत आलं होतं. नाही?"

आता तर भीतीलाही जागा नव्हती. वडील नाहीत, सासूबाई नाहीत, हे नाहीत. ऊन होतं, आम्ही दोघी होतो, आणि ती माझ्याकडे बघत वाट पाहत होती. खरंच वाट पाहत होती का? की सहज म्हणाली? मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "हो."

तिने मान हलवली, चष्मा काढून पदराने पुसला, आणि जेवायला काय करायचं ते विचारलं.

चार दिवसांनी ती जबलपूरला परत गेली. मी हावड्याला पोचवायला गेले होते. तिने खिडकीतून माझा हात धरून ठेवला होता, गाडी हलेपर्यंत. मग मी टॅक्सी केली आणि घरी आले. पाय धुतले, चहा टाकला, गॅलरीत बसून प्यायले. चहा चांगला झाला होता.